शेंदराचं टोक

निरगुडेनं टेबलावर कागद ठेवला, कागदाशेजारी शाईचा पॅड ठेवला, आणि पॅडचं झाकण स्वतःच्या हातानं उघडून तो गुंजाबाईच्या अंगठ्यापाशी सरकवला. बाईला सही येते का, हे विचारायचीही त्याला गरज वाटली नाही. तिथंच तिचं डोकं फिरलं. कागदात काय आहे ते तर अजून कळायचंच होतं.

"मावशी, इथं अंगठा. मग मस्त चहा घेऊ."

"मी तुझ्या आईची भन न्हाई," गुंजाबाई म्हणाली. "आन् चहा मी घरून पिऊन आल्ये. आधी वाच काय ल्हिलंय ते."

निरगुडे हा 'भूवेध' कंपनीचा साइट मॅनेजर. तिशीचं वय, पायात पॉलिश केलेले बूट. काजळकड्याच्या पायथ्याला खाणीची धूळ कुत्र्याच्या पाठीवरही बोटभर बसते, तिथं याचे बूट आरशासारखे! जो माणूस कड्यावर चढतो त्याचे बूट असे राहत नाहीत, एवढं कळायला शाळा लागत नाही.

त्यानं साहेबरावाकडं मान वळवली. "वाच रे."

साहेबराव गुंजाबाईचा एकुलता एक मुलगा. नाव तिनंच हौसेनं ठेवलेलं. दगड फोडण्यात सात पिढ्या गेलेल्या वडाराच्या घरात एक तरी साहेब निपजावा म्हणून. आता तो कंपनीत सुपरवायझर होता, अंगात केशरी जाकीट होतं, आणि आईच्या तोंडाकडं न बघता तो रेशनची यादी वाचावी तसा वाचत सुटला:

"काजळकड्यावर बसवलेल्या साठ संवेदक स्फटिकांच्या टोकांवर खूण करण्याचे काम श्रीमती गुंजाबाई तिम्मा धोत्रे व त्यांच्या हाताखालील सहा महिलांकडे होते. सदर महिला अशिक्षित असल्यामुळे त्यांच्याकडून चुकीच्या टोकास खूण झाली. त्यामुळे दरड कोसळतेवेळी भोंगा वाजला नाही. ही चूक आम्हांस मान्य असून..."

"थांब," गुंजाबाई म्हणाली.

बारा दिवसांपूर्वी कड्याचा एक मोठा तुकडा निसटून वस्तीच्या कडेला आला होता. तीन शेळ्या जागच्या जागी गेल्या आणि हौसाबाईच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. भोंगा मुका तो मुकाच राहिला.

"म्हंजे हौसाची तंगडी आमच्या टिळ्यानं मोडली?"

"मुद्दाम केलंत असं कोणी म्हणत नाही, मावशी. शिक्षण नसलं की होतं असं."

"आन् खाली ही कोनाची सही?"

साहेबरावानं कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. "साक्षीदार म्हणून... माझी."

कंटेनरच्या त्या ऑफिसात एसी एवढा गार की काचेवर दव धरलेलं. तरीही गुंजाबाईच्या कानशिलातून वाफ निघाली. तिनं पॅडचं झाकण खटकन बंद केलं.

"मला सही येती. दुसरीपत्तर शाळा झालीये माझी. पन ती सही मी खोट्याच्या खाली घालत नसते. तुझ्या पोटच्या पोराला बी तुझ्याच इरुद्ध साक्षीला असंच उभं करशील व्हय रे म्यानेजरा? कर. मंग कळंल."

आणि ती निघाली. दार मात्र आदळलं नाही, कारण ते कंपनीचं दार होतं, आपोआप आणि हळूहळू लागणारं. त्याचाही तिला राग आला.

*

आता हे टिळ्याचं काय प्रकरण, ते नीट सांगायला हवं.

सन दोन हजार एकेचाळीस. डोंगर कोसळून गावंच्या गावं गाडली जाण्याला लोक इतके विटले होते की सरकारनं कायदाच केला. डोंगराखाली वस्ती असेल आणि डोंगरात खाण असेल, तर डोंगरावर 'वेधपेटी' हवी. पेटी म्हणेल डोंगर स्वस्थ, तरच सुरुंग लावायचा. पेटीचा भोंगा वाजला की सुरुंग बंद आणि माणसं बाहेर.

या पेटीचा जीव होता एका पांढऱ्या दगडात. काळ्या फत्तराच्या पोटातल्या पोकळ्यांत तो सुयांच्या जुडग्यासारखा उगवतो. पुस्तकात त्याला स्कोलेसाइट म्हणतात. वस्तीवर त्याचं नाव सुईगार. गुंजाबाईच्या लहानपणी पोरी त्याचे तुकडे चुलीच्या वैलावर ठेवायच्या. तापून निवायला लागला की तुकडा चुलीतली राख ओढून घ्यायचा, टोकाला मिशीच फुटायची. "म्हातारा झाला, म्हातारा झाला," म्हणून पोरी टाळ्या पिटायच्या. एवढंच त्याचं शास्त्र तेव्हा ठाऊक.

मग पेटी बसवायला आले दगडांचे डॉक्टर, रशीद तडवी. यावलकडचा माणूस, काळासावळा, विड्या ओढणारा आणि चौकशी करणारा. दगडाबद्दल विचारायला तो खाणमालकाकडं गेला नाही, थेट वस्तीवर आला आणि गुंजाबाईच्या ओट्यावर बसला. 'गुंजाबाई' म्हणाला, मावशी नाही. म्हातारा होणाऱ्या दगडाची गोष्ट ऐकून त्यानं विडी विझवली.

"गुंजाबाई, स्लॅबच्या कामाला बायकांची ओळ लावतात ना? प्रत्येकीच्या हातात एक घमेलं. समजा मुकादमानं शिट्टी मारली आणि प्रत्येकीनं आपलं घमेलं पुढचीला दिलं. मधल्या बाईचं काय बदललं?"

"काय बदलनार? एक गेलं, एक आलं."

"आणि पहिलीचं?"

"ती रिकामी."

"आणि शेवटची?"

"तिच्या हातात दोन. मुकादमाच्या आईचा उद्धार करंल ती."

तडवी सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "झालं! हाच तुमचा दगड. याच्या पोटात अशा कोट्यवधी ओळी आहेत. एकेक कण केसाच्या कोटीव्या भागाएवढा एकाच बाजूला सरकून बसलाय. पोटात बघाल तर सगळं समसमान. फरक दिसतो तो फक्त टोकांवर. एका टोकाला जास्तीचं घमेलं, ते धन टोक. दुसऱ्या टोकाला रिकामे हात, ते ऋण टोक."

"मंग दोनवाली मागं पळत जाऊन रिकामीला एक देत का न्हाई?"

"तांब्याच्या तारेत देते. तिथं बायका मोकळ्या फिरतात. ही सुईगार वीज वाहू देत नाही, जी जिथं उभी ती तिथंच. म्हणून ओझं टोकावर अडकून राहतं."

"रोज का दिसत न्हाई ते?"

"हवेतला ओलावा, धूळ, बारीकसारीक कण येऊन त्या टोकांवर बसतात आणि ते झाकून टाकतात. पण दगड तापला, निवला किंवा दाबला गेला, की आतल्या बायकांच्या हातांमधलं अंतर बदलतं. टोकावरचं ओझं बदलतं. आणि ते नव्यानं झाकायला हवेला वेळ लागतो. तेवढा वेळ टोक उघडं पडतं."

गुंजाबाईनं सुईगार बोटात फिरवली. "बायामानसांवानीच हाय म्हना की. वझं बाराही म्हयने. चटका बसला तरच दिसायचं."

दगडाला बाहेरून बघून त्याचं कुठलं टोक धन ते कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी सरांनी मलमलीची पुरचुंडी आणली, तिच्यात गंधकाची पूड आणि शेंदूर मिसळून भरलेला. पुरचुंडी झटकली की दोन्ही पुडी एकमेकींवर आणि कापडावर घासतात. गंधक ऋण होतो, शेंदूर धन होतो. दगड तापवायचा आणि निवत असताना त्यावर पुरचुंडी झटकायची. तापत असताना नाही, तेव्हा टोकं उलटी बोलतात. पिवळं जाऊन बसतं धन टोकाला, आणि शेंदूर जातो ऋण टोकाला, रिकाम्या हातांकडं. एका दगडाची दोन तोंडं, एक पिवळं, एक लाल!

पिवळी पूड फुंकरीनं उडायची. म्हणून खूण ठरली शेंदराची. तेलात कालवलेला शेंदूर, ऋण टोकाला एक टिळा. दगडाला शेंदूर लावायचं वस्तीला नवं नव्हतं आणि पुसायची कुणाची छाती नव्हती. गुंजाबाई सहा बायांवर मुकादम झाली. जिनं तापत्या दगडावर पुरचुंडी झटकली तिच्या हातावर सरळ चापटी बसायची. साठ दगडांत एक टिळा चुकला नव्हता. हे तिला आपल्या बांगड्यांइतकं ठाऊक होतं.

पहिले तीस दगड सरांनी स्वतः कड्यात भोकं पाडून बसवले, स्वतः तारा जोडल्या. सगळ्या तारा एका पेटीत. डोंगर आवळला की दगड दाबले जातात, टोकांवर वीज येते, पेटी सगळ्यांची बेरीज करते आणि बेरीज लाल रेषेपार गेली की भोंगा. त्या वर्षी भोंगा तीनदा वाजला. तीनदा खाण बंद झाली आणि खाणमालक तीनदा दातओठ खाऊन गप्प बसला.

माघात तडवी सर गेले. झोपेतच गेले, यावलला. मग पेटीच्या कामावर 'भूवेध'नं निरगुडेला पाठवलं. उरलेले तीस दगड त्यानं आठ दिवसांत बसवले, आणि पेटी शांत झाली. इतकी शांत की खाणमालकानं वस्तीवर पेढे वाटले, "डोंगर निवला!" म्हणून. गुंजाबाईनंही पेढा खाल्ला होता.

*

"आये, सही करून टाक," साहेबराव जेवता जेवता म्हणाला. "त्यात कुनाला फासावर देत नाहीत. मला पर्मनंट करतो म्हनलेत."

"मंग तुझ्या अंगठ्याला लाव शाई."

"तू कायबी बोलतीस! चूक होऊ शकत न्हाई का मानसाकडून?"

"होती की. तुझं नाव साहेबराव ठेवलं, ती झाली."

लंकानं, तिच्या सुनेनं, पदर तोंडाला लावला. लंका त्या सहा बायांपैकी एक. म्हणजे नवऱ्यानं सही केली ती आईविरुद्ध तशी बायकोविरुद्धही. दोन दिवस तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली होती, पण त्याच्याशी बोलली नव्हती.

"नुसतं भांडून काय व्हनार, आत्या?" ती सासूला म्हणाली. "मागच्या खेपेतले जादाचे सात दगड हायेत की माळ्यावर. टिळे लावलेले. बघू की झटकून."

सातही दगड तव्यावर तापले. गुंजाबाईनं चिमट्यानं एकेक काढून ओट्यावर मांडला, हाताच्या पाठीनं त्याची धग पाहिली, निवायला लागला तेव्हा पुरचुंडी झटकली. साहेबराव ताट तसंच ठेवून बघत राहिला. सात दगड, सात टिळे, आणि सातही टिळ्यांवर शेंदराची नवी लाल मिशी. पिवळी दुसऱ्या टोकाला. एकही चुकार नाही.

"बघ," गुंजाबाई म्हणाली. "आन् आता जेव."

"मंग भोंगा का न्हाई वाजला?" लंकानं विचारलं. आणि मग स्वतःच हळू आवाजात म्हणाली, "आत्या, तडवी सर टिळ्याच्या टोकाला काळी वायर लावायचे ना? मी शिडी धरायची. तवा मी म्हनायची, लालला लाल लावा की वो सर, सोबंल तरी. ते हसायचे."

"मंग?"

"ह्या निरगुड्याच्या पोरांनी टिळ्याला लालच लावली. मी वर तारा पोचवत व्हते. मला वाटलं, चला, हे तरी शिस्तीत करतेत."

मग साहेबराव, ज्यानं आयटीआयची दोन वर्षं वायरी जोडण्यात घालवली होती, स्वतःशीच म्हणाला, "लाल म्हंजे प्लस. सगळीकडं लाल म्हंजे प्लसच."

"वायरीत," गुंजाबाई म्हणाली. "शेंदरात न्हाई."

तिनं ओट्यावर सात दगड एका रेषेत लावले, मग तीन उचलून उलटे ठेवले. तिच्या डोळ्यापुढं बायकांची ओळ उभी राहिली. अर्ध्या बाया घमेलं वर देतायत, अर्ध्या खाली देतायत. सगळ्या घामाघूम, सगळ्या ओरडतायत, आणि वर गच्चीवर एक घमेलं पोचत नाही. गच्चीवरचा गवंडी म्हणतो, काम बंद दिसतंय.

"डोंगर निवला न्हाई रे," ती म्हणाली. "तीस गारी दाब म्हंत्यात, तीस ढील म्हंत्यात. पेटी म्हंती शून्य."

साहेबरावाचा चेहरा उतरला. "साहेबांनी आज दुरुस्ती केली, आये. बायकांचे टिळे उलटे म्हनून कॉम्प्युटरमधी समद्या साठांचं चिन्ह उलटं केलं. परवा सरकारी समिती येतीय. पेटी पास झाली की संध्याकाळी मोठा सुरुंग."

गुंजाबाईनं उलटे ठेवलेले तीन दगड पुन्हा सुलटे केले. मग म्हणाली, "शून्य उलटं केलं तर किती व्हतं रे?"

त्यानं ताट बाजूला सारलं.

"मी दुसरीत शाळा सोडली. पन हे दुसरीतच शिकवत्यात."

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती घण घेऊन कड्याखाली गेली. वडाराचं मूल चालायला लागायच्या आधी दगडाचा आवाज ओळखतं. धडधाकट फत्तर घणाखाली ठणठण बोलतो, पोटात फट गेलेला बद्द बोलतो. तिनं सहा ठिकाणी घण ठोकला. चार ठिकाणी कडा फुटक्या माठासारखा बोलला. वर बघितलं तर तिथं केशरी पेटीवरचा हिरवा दिवा बेशरमपणे लुकलुकत होता.

ती निरगुडेकडं गेली. त्यानं ऐकलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं, एका कानात इअरफोनचं बोंडूक घालून.

"मावशी, घण आपटून डोंगराची तब्येत कळली असती तर आम्ही एवढी मशिनरी आणली असती का?"

"आमच्या दगडांची मशिनरी हाय ती. फक्त तीस वायरी बघ. फिरवून घे."

"तीस वायरी बदलायच्या म्हणजे नव्यानं चाचणी, नव्यानं मंजुरी, महिनाभर खाण बंद. कोणाच्या शब्दावर? तुमच्या?"

"दगडाच्या."

"दगड बोलत नाहीत," निरगुडे म्हणाला आणि दुसऱ्या कानातही बोंडूक घातलं.

वस्तीत तिनं घरोघर सांगितलं. काहींनी बोचकी बांधली. काही म्हणाले, "गुंजे, तुला सही करायची न्हाई म्हनून आमाला घराबाहेर काढतीस व्हय?" हे तिला निरगुडेच्या बोंडकापेक्षा जास्त लागलं. ज्यांच्यासाठी ओरडावं तेच असं म्हणतात! पण हौसाबाईला तिनं विचारलंच नाही. चार बायांनी खाटेसकट उचलून तिला शाळेच्या वऱ्हांड्यात नेऊन ठेवली, वाटभर हौसा शिव्या देत असताना.

*

समितीच्या मुख्य होत्या सोनटक्के बाई. कापडी बूट, उन्हाची टोपी, हातात टॅबलेट. दुपारी तीनला सगळे पेटीपाशी जमले. निरगुडे स्क्रीनवर हिरव्या रेघा दाखवत होता. "ही त्रुटी स्थानिक महिलांच्या खुणेमुळे झाली होती, मॅडम. आम्ही ती सुधारली आहे. आता बघा, रेघ शून्यावर स्थिर."

तेवढ्यात गुंजाबाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात निखारे. मागं लंका आणि बाकीच्या पाचजणी.

"हे काय आहे?" सोनटक्के बाईंनी विचारलं.

"स्थानिक महिला," गुंजाबाई म्हणाली. "चूक दावायला आलोय. कोनाची ते तुमी ठरवा."

"मॅडम, या बाई जरा..." निरगुडेनं कपाळाजवळ बोट फिरवलं.

"त्या बोटाला दगड तपासता येतो का, इचारा त्यांना," गुंजाबाई म्हणाली आणि घमेलं खाली ठेवून बसली.

तिनं दगड निखाऱ्यावर धरला, काढला, निवू दिला, पुरचुंडी झटकली. लाल एकीकडं, पिवळं एकीकडं. सोनटक्के बाई गुडघ्यावर टेकल्या. टोपी मागं सरकवून त्यांनी दगड अगदी डोळ्याजवळ नेला.

"शेंदूर ऋण टोकाला जातो," त्या सावकाश म्हणाल्या. "कॉलेजात एकदा वाचलं होतं. बघितलं मात्र आज."

"आन् ह्या साहेबांनी टिळ्याला प्लसची वायर लावलीये. तडवी सरांनी मायनसची लावली व्हती. निम्मी ओळ वर, निम्मी खाली. पेटी उघडा, डोळ्यांनी बघा."

"पेटीला सील आहे," निरगुडे पटकन म्हणाला. "मंजुरी होईपर्यंत उघडता येत नाही. नियम आहे, मॅडम. चावी सुपरवायझरकडे असते आणि माझ्या आदेशाशिवाय तो..."

सगळ्यांनी साहेबरावाकडं बघितलं. त्याच्या केशरी जाकिटाच्या खिशात चावी होती. गुंजाबाईनं मात्र त्याच्याकडं बघितलं नाही. ती निखारे उलथत राहिली. बघितलं असतं तर ते मागणं झालं असतं, आणि मागायची तिला सवय नव्हती.

"साहेबराव," निरगुडे म्हणाला, "परवा ऑर्डर निघतेय तुझी. लक्षात आहे ना?"

साहेबरावानं जाकिटाची चेन उघडली. अंगातून जाकीट काढलं, घडी घातली आणि निरगुडेच्या हातात दिलं. चावी तेवढी काढून घेतलेली. मग त्यानं सील तोडलं.

पेटीच्या आत दोन पट्ट्या होत्या, तीस-तीस तारांच्या. जुन्या पट्टीवर तडवी सरांच्या बारीक अक्षरात कागद चिकटवलेला: *टिळा = ऋण = काळी*. नव्या पट्टीवर कागदच नव्हता.

"मॅडम," साहेबराव म्हणाला, "नवी पट्टी मी काढून घेतो. जुन्या तीसांचं चिन्ह पुन्हा सुलटं करतो. फक्त सरांच्या गारी काय म्हंत्यात ते बघू."

"काढा," सोनटक्के बाई म्हणाल्या.

त्यानं स्क्रीनवर चिन्ह सुलटं केलं आणि नवी पट्टी ओढली. स्क्रीनवरची हिरवी रेघ काही क्षण तशीच पडून राहिली. निरगुडे हसायच्या बेतात होता. मग रेघेनं मान वर केली. चुलीवरचं दूध चढावं तशी ती चढत गेली. आधी हळू, बघता बघता घाईनं, आणि लाल रेषेला शिवली. काजळकड्यावरचा भोंगा, आठ महिने मुका असलेला, असा किंचाळला की खालच्या झाडांवरचे बगळे एकदम उठले.

निरगुडेच्या कानातली बोंडकं पडली.

"कधीपासून दाबतोय हा डोंगर?" सोनटक्के बाई कुजबुजल्या. आणि मग मोठ्यानं, "खाण रिकामी करा! वस्ती रिकामी करा! आत्ता!"

काल जे म्हणाले होते की गुंजी घराबाहेर काढतीय, ते आज तिच्याआधी बाहेर पळाले. तिनं कुणाला काही ऐकवलं नाही. तेवढी सवड नव्हती. ऐकवायचं राहिलं, ते तिनं पुढच्या उन्हाळ्यात व्याजासकट ऐकवलं.

*

कडा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला आला. आधी तडकल्याचा आवाज, मग काही नाही, मग सगळंच. शाळेच्या मैदानातून एकशे बारा माणसं आपली वस्ती जाताना बघत होती. धूळ खाली बसली तेव्हा गुंजाबाईच्या ओट्याच्या जागी दोन मजली फत्तर उभा होता. तवा गेला, पुरचुंडी गेली, लग्नातली पितळी घागर गेली. माणूस एकही गेला नाही. हौसाबाई खाटेवरून मोजत होती, दोनदा मोजली.

चौथ्या दिवशी सोनटक्के बाई नवा कागद घेऊन आल्या. निरगुडे मागं उभा होता. कंपनीनं त्याला अजून काढलं नव्हतं. अशांना काढत नाहीत, दुसऱ्या डोंगरावर पाठवतात. त्याच्या बुटांवर मात्र आज धूळ होती.

या खेपेला कागद साहेबरावानं लिहिला होता आणि त्यानंच वाचला. या वेळी आईच्या तोंडाकडं बघून, एकेक शब्द सुटा: "खुणा बरोबर होत्या. तारा चुकीच्या होत्या. चूक दगडांनी व महिलांनी दाखवून दिली. खूण करण्याची पद्धत कैलासवासी..." तो अडखळला. "मरहूम डॉक्टर रशीद तडवी यांनी घालून दिली होती. आधीच्या कागदावर साक्षीदार म्हणून मी खोटी सही केली."

"शेवटचं सोनटक्के बाईंनी घालायला लावलं?" गुंजाबाईनं विचारलं.

"न्हाई. मीच घातलं."

"बरं."

कुणीतरी शाईचा पॅड पुढं केला. सोनटक्के बाईंनीच तो बाजूला सारला आणि पेन दिलं. गुंजाबाईनं पेन मुठीत धरलं आणि दगड घडवावा तसं एकेक अक्षर घडवलं: गुंजाबाई तिम्मा धोत्रे. 'त्रे'ची मात्रा कागदाबाहेर जाता जाता राहिली. सही करायला तिला तेवढाच वेळ लागला जेवढा भोंगा वाजायला लागला होता, आणि तोवर सगळे उभे होते.

"आणखी एक, गुंजाबाई," सोनटक्के बाई म्हणाल्या. "पुन्हा असा घोटाळा होऊ नये म्हणून कंपनीची एक सूचना आहे."

निरगुडे घसा खाकरून पुढं आला. "म्हणजे, इंजिनिअर लोकांच्या डोक्यात लाल म्हणजे प्लस हे पक्कं असतं. तर यापुढे तुम्ही टिळा लाल न लावता काळा लावलात, तर कोणाचाच गोंधळ होणार नाही, मा..." तो थांबला. "गुंजाबाई."

गुंजाबाईनं पेनचं टोपण लावलं आणि पेन त्याच्या खिशाला अडकवून दिलं.

"शेंदूर जातो तिकडंच जानार," ती म्हणाली. "वायर तुमी बदला."